सीएच३४१ए यूएसबी प्रोग्रॅमर: काही महिन्यांच्या वापरानंतर

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) चालणारे जुने राउटर आणि छोटे लिनक्स बोर्ड दुरुस्त करायला हा प्रोग्रॅमर, म्हणजे फ्लॅश मेमरीची चिप थेट वाचणारा-लिहिणारा छोटा यूएसबी बोर्ड, घेतला. यू-बूट (बोर्ड सुरू होताना आधी चालणारा, फ्लॅशमधलाच छोटा प्रोग्रॅम) शाबूत असेल तर याची गरज नाही. सिरियल केबल जोडून तिथूनच फ्लॅश पुसता-लिहिता येते. यू-बूटच उडालं, की मात्र चिपपर्यंत थेट पोचावं लागतं आणि तिथे हा स्वस्त बोर्ड पैसे वसूल करतो. लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही, फ्लॅशरॉम हे फ्लॅश वाचण्या-लिहिण्याचं सॉफ्टवेअर त्याला ओळखतं.

स्वस्त काळ्या बोर्डांची एक खोड घेण्याआधी माहीत हवी. फ्लॅश चिपला वीज ३.३ व्होल्टचीच मिळते, पण बोर्डावरची मुख्य चिप, सीएच३४१ए, स्वतः ५ व्होल्टवर चालत असल्यामुळे डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात. बऱ्याच चिपा हे सोसतात. पण त्याच तारांना प्रोसेसरही जोडलेला असतो, त्याला धोक्यात का घालायचं? मी सोल्डरिंग करून सीएच३४१एलाच ३.३ व्होल्ट दिले. १.८ व्होल्टच्या चिपांना वेगळा अडॅप्टर लागतोच.

सोबत आलेली, चिपच्या पिना पकडणारी क्लिप अगदीच सुमार. चांगली वेगळी घ्या. चिप बोर्डावर असताना क्लिपमधून गेलेली वीज प्रोसेसरलाही मिळते, तो जागा होतो आणि त्याच तारा वापरू लागतो. मग चिप सापडत नाही, किंवा दर वेळी निराळाच डेटा वाचला जातो. प्रोसेसरची रीसेट पिन ग्राउंडला धरून ठेवली की बऱ्याचदा हे थांबतं, नाहीतर चिप उतरवावी.

म्हणूनच कळकळीने सांगतो: पुसण्याआधी दोनदा वाचा आणि दोन्ही फाइलींचे चेकसम (फाइलीतल्या डेटावरून काढलेले आकडे) जुळवा. फ्लॅश पुसली की सगळे बिट १ होतात, जुनं काहीच उरत नाही. फर्मवेअर पुन्हा डाउनलोड करता येतं. पण अथेरॉस बोर्डांवरचा 'आर्ट' किंवा मीडियाटेक बोर्डांवरचा 'फॅक्टरी' हा छोटासा भाग कुठेच मिळत नाही. त्यात वाय-फायचं कॅलिब्रेशन असतं, कारखान्यात त्या एका बोर्डापुरतं मोजून लिहिलेलं. दुसऱ्या बोर्डावरून ते उचललं तर वाय-फाय चालेलही, पण रेंज आणि वेगाचा भरवसा राहत नाही.

वेग कमी आहे. १६ एमबीची चिप पुसून, लिहून, पडताळायला काही मिनिटं जातात; घरगुती कामाला चालतं. पॅरलल नँड (वेगळ्या प्रकारची फ्लॅश) असलेल्या बोर्डांसाठी मात्र हा घेऊ नका. तिथे खराब ब्लॉक वगळून लिहावं लागतं, आणि बोर्ड सुरू होत असेल तर त्याच्याच लिनक्समधून फ्लॅश-इरेज आणि नँडराइट या कमांड वापरणं बरं.