हेअर ट्रान्सप्लांटनंतरची काळजी, पुण्यातल्या क्लिनिकचा अनुभव (४ स्टार)

मार्चमध्ये एफयूई करून घेतलं, म्हणजे डोक्याच्या मागून केसांचे बारीक पुंजके मुळासकट एकेक काढून पुढे लावतात ती पद्धत; असे २४०० पुंजके, म्हणजे ग्राफ्ट, लावले. ऑपरेशनबद्दल बरेच जण लिहितात, मी नंतरच्या सर्व्हिसबद्दल लिहितोय कारण घरी आल्यावर सगळं आपल्यावरच असतं आणि खरी भीती तेव्हाच वाटते.

सगळ्यात आवडलं ते पहिलं डोकं धुणं. तिसऱ्या दिवशी बोलावलं आणि सिस्टरनी आईला शेजारी उभं करून स्वतः धुवून दाखवलं. बेबी शाम्पू थेट डोक्यावर नाही ओतायचा, कोमट पाण्यात फेस करून तो तळहाताने नुसता टेकवायचा, चोळायचं अजिबात नाही, पाचेक मिनिटांनी मगानेच हळू पाणी सोडायचं, शॉवर नको कारण धारेचा जोर ग्राफ्टना सोसत नाही. टॉवेल फक्त मानेला, पुढचा भाग आपोआप वाळू द्यायचा. नंतर रोज आईनेच धुतलं, अगदी तान्ह्या बाळाचं धुवावं तसं.

दहाव्या दिवशी त्यांनी सांगितल्याप्रमाणे ओल्या खपल्यांवरून बोटाचं पेर हलकेच गोल फिरवलं तर त्या सुटायला लागल्या. एका खपलीबरोबर बारीक केस आला आणि माझ्या पोटात गोळाच आला. लगेच फोटो पाठवला, दहा मिनिटांत सिस्टरचं उत्तर, "रक्त आलं नाही ना? मग मूळ आत आहे, हे केस गळणारच, घाबरू नका." खरंच पाचव्या आठवड्यात बरेचसे गळले पण आधीच सांगितलेलं असल्यामुळे झोप उडाली नाही.

किटमध्ये सलाईन स्प्रे आणि मानेची उशी होती. पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपायचं, त्यात ही उशी फार कामी आली, डोकं कुशीवर कलंडत नाही. हेल्मेट दोन आठवडे बंद म्हणून ऑफिसला रिक्षाने गेलो, तो खर्च आधीच धरून ठेवा.

आता तक्रार. चौथ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांपर्यंत उतरली, एक डोळा जेमतेम उघडत होता. असं होतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं हे कोणीच सांगितलं नव्हतं. त्यात रविवार, रिसेप्शनवाले फक्त "उद्या या" म्हणाले, आई दिवसभर रडवेली. शिवाय सूचनांचा कागद नुसता इंग्रजीत, तो मीच तिला मराठीत लिहून दिला.

आता साडेचार महिने झालेत, पुढे मऊ बारीक केस दिसायला लागलेत, मागे डोनर भागात, म्हणजे जिथून केस काढले तिथे, थोडं बधिर वाटतं पण रोज कमी होतंय. एक स्टार कापलाय तो त्या रविवारचा.