इंटर्नशिपभर गिट वापरल्यानंतरचा अनुभव (जरा मोठा झालाय)

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल, त्यात नोंदवलेला एकेक बदल म्हणजे कमिट. कॉलेजात बहुतेकांचं गिट म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री अॅड (कमिटसाठी बदल निवडणं), कमिट, पुश (सर्व्हरवर पाठवणं), आणि मेसेजमध्ये "फायनल", मग "फायनल २". तेवढ्यावर रेझ्युमेत गिट लिहिता येतं. आता माझी सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटची इंटर्नशिप संपत आलीये, इतके महिने रोज वापरून जे मत बनलं ते लिहितोय, पुढच्या बॅचला उपयोग व्हावा म्हणून.

माझं मत सरळ आहे, इंटर्नने गिट कोड टाकायला कमी आणि कोड समजून घ्यायला जास्त वापरावं. कारण इंटर्नला कोणी कोरा प्रोजेक्ट देत नाही, वर्षानुवर्षं चालू असलेल्या कोडमध्ये एक छोटं काम मिळतं आणि तिथे एखादी अशी कंडिशन दिसते की ही इथे का आहे तेच कळत नाही, लिहिणारा माणूस टीम सोडून गेलेला असतो. अशा वेळी गिट ब्लेम. प्रत्येक ओळ शेवटची कोणी, कधी, कुठल्या कमिटमध्ये बदलली ते समोर येतं, मग गिट शो करून त्या कमिटमधले बाकीचे बदल बघायचे. तारखेच्या एका चेकचं कारण मला असंच सापडलं, मोबाइल अॅपची जुनी व्हर्जन्स अजून वेगळा फॉरमॅट पाठवतात असं कोणीतरी कमिट मेसेजमध्ये दोन ओळीत नीट लिहून ठेवलं होतं. त्या अनोळखी माणसाचे मनापासून आभार! तेव्हापासून मी पण मेसेजमध्ये काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहितो, काय बदललं ते डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडच्या फरकात, दिसतंच की. फक्त स्पेस-टॅब बदललेले कमिट मधे येत असतील तर ब्लेमला डॅश डब्ल्यू लावा, आणि एखादं फंक्शन कोडमध्ये कधी आलं किंवा गेलं ते शोधायचं तर लॉगला डॅश मोठा एस.

दुसरी आवडलेली गोष्ट बायसेक्ट, म्हणजे बग कुठल्या कमिटमुळे आला ते शोधणारी कमांड. मागच्या रिलीजला बग नव्हता, आता आहे, मधे ढीगभर कमिट. चांगला कमिट आणि वाईट कमिट सांगायचा, गिट मधला काढून देतं, तपासायचा, की उरलेले अर्धे. हजार कमिट असले तरी साधारण १० वेळा तपासून होतं. पण मधला प्रत्येक कमिट बिल्ड व्हायला हवा, नाहीतर स्किप करत बसावं लागतं. सिनियर लोक छोटे आणि पूर्ण कमिट करा म्हणून का मागे लागतात ते मला इथे पटलं.

हे सगळं इतकं वेगात का चालतं तर गिट मुळात लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यासाठी बनलंय. २००५ मध्ये कर्नलसाठी तोवर वापरात असलेल्या बिटकीपर या तशाच टूलचा फुकट वापर बंद झाला आणि लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने हे लिहायला घेतलं, जगभरातून येणारे पॅच (कोडमधले बदल) पटापट मर्ज व्हायला हवे होते. पूर्ण इतिहास आपल्याच मशीनवर असतो, त्यामुळे लॉग, ब्लेम वगैरे नेट नसतानाही चालतं.

न आवडलेलं पण आहे. चेकआउट ही एकच कमांड ब्रँच (कोडची वेगळी शाखा) पण बदलते आणि फाइलमधले बदल पण पुसते, नवीन माणसासाठी हे धोक्याचंच आहे. २०१९ मध्ये स्विच आणि रिस्टोर वेगळ्या आल्या तरी नेटवरची जुनी उत्तरं चेकआउटच सांगतात, तुम्ही थेट नवीन शिका. रिबेसमध्ये, म्हणजे आपले कमिट दुसऱ्या ब्रँचवर नव्याने लावताना, कॉन्फ्लिक्टच्या (एकाच जागी दोन वेगळे बदल) दोन बाजू, अवर्स (आपलं) आणि दीअर्स (त्यांचं), उलटे होतात, म्हणजे अवर्स ही आपण ज्या ब्रँचवर रिबेस करतोय ती, हे माहीत नसेल तर कॉन्फ्लिक्ट सोडवताना स्वतःचंच काम उडतं.

चुकून रिसेट केलं, म्हणजे ब्रँच जुन्या कमिटवर मागे नेली, तर घाबरू नका, रिफ्लॉगमध्ये (ब्रँच कुठून कुठे हलली याची गिटची नोंद) जुने कमिट सापडतात, पण कायमचे नाही, कुठल्याच ब्रँचमध्ये नसलेल्यांची नोंद डिफॉल्टने ३० दिवस राहते. आणि जे कमिट किंवा अॅडच केलं नव्हतं ते गेलं ते गेलंच.

अजून एक, पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त चावी) कमिट होऊन पुश झाली तर पुढच्या कमिटमध्ये ओळ काढून भागत नाही, इतिहासात ती तशीच वाचता येते. आधी ती की बदलून घ्या, लगेच मेंटॉरला सांगा, इतिहास साफ करायचं नंतर बघा.