टार्किन की व्हेडर: जास्त धाक कुणाचा?
गंगापूर रोडवर मिसळ खाताना आमचा वाद रंगला: डेथ स्टार या ग्रह उडवू शकणाऱ्या अवकाशतळावर खरा दरारा कुणाचा? १९७७च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात काळ्या मुखवट्याचा खलनायक व्हेडर हात न लावता अधिकाऱ्याचा गळा आवळतो. भीती लगेच बसते, पण त्या खोलीपुरती. डेथ स्टारचा प्रमुख टार्किन फक्त 'सोड' म्हणतो आणि व्हेडर निमूट सोडतो! पीटर कुशिंग यांनी हा थंडपणा नुसत्या नजरेतून उभा केलाय. कैदेतल्या राजकन्या लेयानं बंडखोरांच्या तळाचं नाव सांगितल्यावरही हा माणूस तिचा ग्रह आल्डरान उडवतो, बाकीच्या ग्रहांना जरब बसावी म्हणून. अख्खा ग्रह! माझ्या मते टार्किनच जास्त भयंकर. मात्र बंडखोरांच्या हल्ल्याच्या वेळी निघून जायचा सल्ला त्यानं झिडकारला आणि डेथ स्टारबरोबर तोही संपला. व्हेडर आपल्या लढाऊ यानात होता, तो वाचला.