वर्डप्रेसच्या 'लायसन'चे साडेनऊ हजार

लाज वाटते लिहायला, पण वेबसाईट करून देणारा तो पोरगा अजून आमच्या सावदा-फैजपूर-रावेर पट्ट्यात फिरतोय म्हणून लिहितो.

आमचा केळी वेफर्सचा घरगुती धंदा. दोन कढया, मी, बायको आणि कामाला दोन बाया. दिवाळीआधी ऑनलाईन ऑर्डरी घ्यायच्या म्हणून वेबसाईट करायला दिली. सॉफ्टवेअर लायसन 9,500, डिझाईन 12,000, वर्षाचं होस्टिंग (साईट नेटवर ठेवायची जागा) 6,500, झाले 28,000, वर 18 टक्के जीएसटी 5,040. एकूण 33,040, सगळे यूपीआयने. बिलावर जीएसटी नंबरच नाही हे नंतर दिसलं. आणि लायसन कशाचं, तर वर्डप्रेसचं, म्हणजे साईट बनवायच्या सॉफ्टवेअरचं! ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुलं आहे ते, 2003 पासून फुकट मिळतंय. मेहनतीचे घे ना बाबा, पण फुकटच्या वस्तूचं लायसन?

आता मनाला खातं ते सांगतो. डेमो द्यायला तो दुकानात आला तेव्हा लाईट गेलेली, राउटर बंद. आणि ह्याच्या लॅपटॉपवर साईट नुसती पळतेय, खारे वेफर्स, मिरीवाले वेफर्स, भाव, ऑर्डर, बोट लावलं की उघडलं. मी विचारलं नेट कुठून, तर म्हणे "काका, मोबाईलचं." वरच्या पट्टीत 'लोकलहोस्ट' लिहिलेलं मी वाचलं भो, वाचलं! मला वाटलं त्याच्या कंपनीचं नाव असेल. लोकलहोस्ट म्हणजे तोच लॅपटॉप, साईट त्यातच होती, नेटवर नव्हतीच. तिथंच पैसे थांबवायला पाहिजे होते, मी उलट चहा सांगितला.

मग साईट चालू झाली. पहिलं पान उघडतं, पुढं कशावरही दाबा, 404, म्हणजे 'पान सापडत नाही'. म्हणे सर्व्हर सेट व्हायला 72 तास. मग म्हणे 404 काढायचं मॉड्यूल लागतं, 3,200. तेही दिले. एकूण 36,240 गेले.

जळगावला इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं दहा मिनिटांत सांगितलं. लॅपटॉपवर अपाचे नावाचा सर्व्हर, म्हणजे साईटची पानं पुरवणारं सॉफ्टवेअर, तिथं आतल्या पानांचे पत्ते एचटीअ‍ॅक्सेस फाईलीवर चालतात. ह्यानं साईट उचलून टाकली विंडोजच्या आयआयएस सर्व्हरवर, तो ती फाईल बघतच नाही, त्याला वेब कॉन्फिग फाईल आणि यूआरएल रिराईट मॉड्यूल लागतं. तसं केलं तर तिथंही चालतं, पण ह्यानं केलंच नाही, आणि ते मॉड्यूलही फुकटच आहे! कोण्या जुन्या गिऱ्हाईकाची सर्व्हरवरची जागा पडून होती, त्यात मला कोंबलं. मी बी.कॉम. आहे, काट्यात पाव किलोचा फरक पकडतो, पण सर्व्हर कोणता हे वेफर्सवाल्यानं कुठून बघायचं?

डोमेन (साईटचा पत्ता) आणि होस्टिंग स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. माझं त्याच्या नावावर आहे, त्यामुळे होस्टिंगवाले म्हणतात तुम्ही आमचे कस्टमरच नाही.

पोलीस ठाण्यात तीन चकरा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात, दुसऱ्यांदा म्हणे सायबरचं आहे, जिल्ह्याला जा, तिथले म्हणे पैसे तुम्ही राजीखुशीनं दिले, हे दिवाणी आहे, आणि तिसऱ्यांदा ठाण्यातल्या एका हवालदारानं "पण साईट उघडते ना?" म्हणून माझ्याच मोबाईलवर पहिलं पान उघडून मलाच दाखवलं. बँकेत सांगितलं पिन तुम्हीच टाकला. एका वकिलानं तर धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही म्हणून वाटेला लावलं, पण पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेलं कायद्यात चालतं, आणि जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, वकीलही लागत नाही. हे मला कोणी सांगितलं नाही, भाच्यानं शोधलं. यूपीआयच्या पावत्या आणि चॅट जपून ठेवा, त्याच जोडून तक्रार टाकतोय.

आणि डेमो स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या बोटानं बघा, तेही आतली पानं.

वेफर्सच्या 2,000 पाऊचवर साईटचा पत्ता छापून बसलोय. परवा पाचोऱ्याहून एका ताईंचा फोन, "भाऊ, सगळ्या वेफर्सचा भाव 404च आहे का, की मिरीवाले वेगळे?"