बावीस कोअरचा झिऑन आणि गाळलेली ओळ

घरी बॉइंक (घरच्या संगणकाची ताकद विज्ञानाच्या प्रकल्पांना देणारा प्रोग्राम) चालवण्यासाठी जुने सर्व्हर प्रोसेसर स्वस्तात घ्यायच्या विचारात जे कोणी असतील, त्यांनी पैसे पाठवण्यापूर्वी हे वाचावे. माझे ₹६४,५५० गेले. त्यांतले ₹३१,००० दोन प्रोसेसरांचे, ₹१८,५०० दोन सॉकेटच्या मदरबोर्डाचे, ₹१४,४०० रॅमचे आणि ₹६५० कुरिअरचे. प्रोसेसर भलतेच निघाले, पण बोर्ड आणि रॅम तर खरे निघाले ना, असे मला अनेकांनी ऐकवले. ते मात्र त्या दोन प्रोसेसरांखातरच घेतले होते.

मी काही न वाचता बाजारात उतरलो नव्हतो. रोझेटा या बॉइंकवरच्या प्रथिने अभ्यासणाऱ्या प्रकल्पाच्या एकेका कामाला एक ते दोन जीबी रॅम लागू शकते, म्हणून १२८ जीबी घेतली होती. दिवसरात्र पूर्ण भाराने चालणाऱ्या यंत्रात कमाल टर्बोच्या, म्हणजे थोडा वेळच गाठता येणाऱ्या वेगाच्या, आकड्याला अर्थ नसतो, सगळे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) एकदम राबताना वेग किती टिकतो तेच पाहायचे असते, हेही मला ठाऊक होते. चारशे वॉट ओढणारे यंत्र महिन्याला २८८ युनिट जाळते आणि घरगुती वीजबिल वरच्या दराच्या टप्प्यात ढकलते, हा हिशेबही मी आधीच मांडला होता. एएमडीचा जुना सर्व्हर प्रोसेसर एपिक मी मुद्दाम टाळला, कारण काही एपिक एका कंपनीच्या सर्व्हरमध्ये चालले की त्याच कंपनीच्या बोर्डांशी कायमचे बांधले जातात आणि दुसऱ्या बोर्डावर सुरूच होत नाहीत. हा सापळा ओळखल्याचे मला मोठे समाधान वाटत होते आणि त्याच समाधानात मी इंटेलच्या झिऑन ई५-२६९९ व्ही४ या सर्व्हर प्रोसेसरकडे वळलो. प्रत्येकी २२ कोअर, ४४ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामे), २.२ गिगाहर्ट्झ, ५५ एमबी कॅश, १४५ वॉट. दोन घेतले की ८८ थ्रेड.

विक्रेता मुंबईतला होता आणि माहीतगारासारखा बोलत होता. तिथल्याच लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात याच जोडीला बिलासह ₹४४,००० सांगितले होते. हा विक्रेता डेटा सेंटरमधून निघालेला माल म्हणून ₹१३,००० कमी मागत होता. जुन्या मालाच्या भावात एवढी तफावत नेहमीच असते, तेव्हा नुसत्या किमतीवरून संशय यायला हवा होता असे म्हणणाऱ्यांनी हा बाजार पाहिलेला नाही.

संशय यायला हवा होता तो दुसऱ्या ठिकाणी. मी प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रामचा स्क्रीनशॉट मागितला, तेव्हा त्याने एकाऐवजी दोन तुकडे पाठवले. वरच्या तुकड्यात ब्रॉडवेल, १४ नॅनोमीटर, सॉकेट २०११ एवढे होते; खालच्यात कॅश, कोअर आणि थ्रेड होते. मधली ‘स्पेसिफिकेशन’ची ओळ कोणत्याच तुकड्यात नव्हती. प्रोसेसर आपली खरी ओळख सांगतो ती याच ओळीत. मी विचारले, तर “मोबाइलवर पूर्ण येत नाही, साहेब” असे उत्तर आले, आणि ते मी मुकाट्याने मान्य केले. संगणकाच्या पडद्याचे चित्र मोबाइलवर पूर्ण येत नाही म्हणजे काय, हा प्रश्न शाळकरी मुलानेही विचारला असता. माझ्या डोक्यात तेव्हा ८८ हा आकडा जाऊन बसला होता. सोबत प्रोसेसरच्या झाकणाचा स्पष्ट फोटो होता आणि त्यावर ‘एसआर’ने सुरू होणारा विक्रीच्या मालाचा कोडही होता, हे माझ्या बाजूने सांगायला हवे. तो फोटो भलत्याच प्रोसेसरचा होता. फोटो मागायचाच असेल तर शेजारी कागदावर तुमचे नाव आणि तारीख लिहून मागा.

माल आला तो वाळलेल्या थर्मल पेस्टने लिंपलेला. ती पुसल्यावर झाकणावर ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ ही अक्षरे आणि ‘क्यू’ने सुरू होणारा कोड दिसला. म्हणजे हे इंजिनिअरिंग सॅम्पल. बाजारात येण्यापूर्वीच्या चाचणीसाठी बोर्ड बनवणाऱ्यांना करारावर दिलेले हे नमुने इंटेलच्याच मालकीचे राहतात. ते विकता येत नाहीत आणि त्यांना वॉरंटीही नसते. स्पेसिफिकेशनच्या ओळीत मॉडेलचा क्रमांकच नव्हता. पूर्ण भारात कोअर २.१ गिगाहर्ट्झच्या वर चढेनात, आणि बॉइंकवर एकच काम दोन यंत्रांकडे पाठवून उत्तरे ताडून पाहणाऱ्या प्रकल्पात माझे निकाल अवैध ठरू लागले. वीज जाळून चुकीची उत्तरे पाठवण्यापेक्षा यंत्र बंद ठेवलेले बरे.

यानंतर जे घडले त्याचा संताप अजून उतरलेला नाही. चौकीत मला विचारण्यात आले, “कोअर किती सांगितले होते? चव्वेचाळीस. मिळाले किती? चव्वेचाळीस. मग फसवणूक कसली?” भारतीय न्याय संहितेतले कलम ३१८ फसवणुकीचेच आहे, असे मी म्हणालो, तर ‘तुम्ही वकील आहात का’ असा प्रतिप्रश्न आला. सायबर तक्रारीवर शेरा पडला की माल मिळालेला आहे, सबब वाद दिवाणी स्वरूपाचा आहे. उद्या खोक्यातून वीट निघाली तरी ‘माल मिळाला’ असेच हे लिहितील. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर मला मुंबईला जायला सांगितले. २०१९च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही, हे मी त्यांना छापील कागदावर दाखवले. कागद न वाचताच परत आला आणि त्यासोबत नवी अट आली, विक्रेता व्यापारी असल्याचा पुरावा आणा. तो माझ्याकडे नव्हता, कारण जीएसटी क्रमांकासह बिल मी घेतलेच नव्हते. ते बिल ₹१३,००० महाग पडले असते आणि तरीही स्वस्त ठरले असते.

विक्रेत्याने प्रोसेसर परत दिल्यास ₹८,००० देण्याची तयारी दाखवली. मी नकार दिला, कारण तेच दोन प्रोसेसर त्याच दोन तुकड्यांसह दुसऱ्याच्या गळ्यात पडले असते. यूपीआयने पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. समोर यंत्र चालू करून ती एक ओळ वाचा आणि मगच पैसे द्या. एवढे जमणार नसेल तर कोअर कमी असले तरी चालतील, रायझेन ९ ५९५०एक्ससारखा बंद खोक्यातला, बिलाचा प्रोसेसर घ्या; सोळा कोअर आणि १०५ वॉट घराला पुरतात.

खूप मागे लागल्यावर चौकीने आता लेखी अर्ज घेतला आहे आणि प्रोसेसर मुद्देमाल म्हणून जमा करायला सांगितले आहेत. पावतीवर नुसते ‘प्रोसेसर, नग दोन’ असे लिहिले होते. दोन्हींचे ‘क्यू’ कोड त्यात अक्षरशः उतरवून घेतल्याशिवाय मी ते हातचे सोडलेले नाहीत.