अखेरचा न्याय: अनंत यातना की कायमचा नाश?

चर्चच्या मंडळीतल्या एका ताईंना तरुणांपुढे शेवटच्या न्यायावर बोलायचंय. दोषी ठरलेल्यांना न संपणारी यातना की कायमचा नाश, यातलं कोणतं मत मांडावं, हे त्यांचं ठरत नाहीये.

बायबलच्या वचनांचा आधार दोन्ही मतांना आहे. मत्तय 25:46 सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन शेजारी ठेवतं. प्रकटीकरण 14:11 मध्ये पीडेचा धूर युगानुयुग वर चढतो. उलट मत्तय 10:28 आत्मा आणि शरीर दोहोंचा नाश सांगतं, प्रकटीकरण 20:14 अग्निसरोवराला दुसरं मरण म्हणतं.

परंपरा मात्र ठामपणे यातनेच्या बाजूने: प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन, रोमन कॅथलिक, बहुतेक जुने प्रॉटेस्टंट. नाशाचं मत सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट हा प्रॉटेस्टंट पंथ मानतो. 1988 मध्ये इंग्लंडचे धर्मपंडित जॉन स्टॉट यांनीही तिकडे कल दाखवला.

खरी कसोटी देवाच्या क्रोधाची. दोन्हीकडे तो क्रोध खरा आणि पवित्र, सूड नव्हे. पण साठ-सत्तर वर्षांच्या पापाला न संपणारी यातना का? अपराध अनंत देवाविरुद्ध आहे म्हणून शिक्षाही अनंत, हे जुनं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. माझा कल नाशाकडे आहे.

ताई, मंडळीच्या विश्वासकबुलीनुसार शिकवायचं असेल तर पहिलं मत मांडा, पाळकांशी बोलून. नुकतंच कुणी गमावलेल्या, देवाच्या न्यायीपणावरच अडलेल्या मुलांसमोर दुसरंही उघडून ठेवा.