हनोईचा फो की सायगॉनचा? दुकान ठरवण्याआधी

तांदळाच्या चपट्या नूडल्स, हाडांचा नितळ रस्सा, मांसाचे पातळ काप आणि वरून कांद्याची पात. व्हिएतनामच्या उत्तरेतलं हनोई असो की दक्षिणेतलं सायगॉन, फो या नूडल्सच्या सूपच्या वाडग्यात मुळात हेच असतं. फरक आहे तो वाडगा पुरा कोण करतं यात. हनोईत आचारीच पुरा करून देतो, खाणाऱ्याने त्यात फार ढवळाढवळ करायची नसते. सायगॉनमध्ये (कागदोपत्री हो ची मिन्ह सिटी) आचारी पाऊण काम करतो आणि उरलेलं तुमच्यावर सोपवतो. मुंबईहून थेट विमानं सुरू झाल्यापासून आठवडाभराच्या सहलीत ही दोन्ही शहरं असतात. फो कुठे मन लावून खायचा आणि कुठे नुसती चव बघायची, हे आधी ठरवलेलं बरं.

आधी रस्सा. दोन्हीकडे तो मुख्यतः गाईच्या हाडांचा. हाडं एकदा उकळून ते पाणी फेकून देतात, मग नव्या पाण्यात मंद आचेवर कित्येक तास ठेवतात. आलं आणि कांदा सालासकट विस्तवावर भाजून, जळलेली साल खरवडून आत टाकतात. चक्रफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची आणि धणे कोरडे भाजून पुरचुंडीत बांधतात. रस्सा खळाखळा उकळू दिला की चरबी पाण्यात घुसळली जाते आणि तो गढूळ होतो. एकदा झाला की गाळूनही पुरता नितळ होत नाही. त्यामुळे वाडगा समोर आला की आधी रंग बघा. गढूळ दिसला तर बहुधा घाई झालेली आहे.

इथपर्यंत दोघे भाऊ. पुढे हनोईवाला मसाला मागे ठेवतो, मीठ आणि फिश सॉसची खारट चव पुढे आणतो. सायगॉनवाला खडीसाखर घालतो, मसाल्याचा हात सैल सोडतो आणि चरबीचा तवंगही जाड ठेवतो. नूडल्स हनोईत रुंद आणि मऊ, सायगॉनमध्ये अरुंद. गोडसर आमटी आवडणाऱ्याला सायगॉनचा रस्सा पहिल्याच घोटाला आपला वाटेल. हनोईचा रस्सा आधी फिका वाटतो आणि निम्मा वाडगा संपल्यावर कळतो. नुसत्या रश्श्यावर गुण द्यायचे तर आमचं माप हनोईच्या बाजूने झुकतं.

हा फरक आला कुठून? फो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तरेत, नाम दिन्ह प्रांत आणि हनोईच्या पट्ट्यात आकाराला आला. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाली, उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत गेले आणि फोही गेला. दक्षिणेत पाला, साखर, सॉस यांची रेलचेल, त्यामुळे वाडगा तिथे सजला. १९७५ नंतर देश सोडलेल्या निर्वासितांनी तो अमेरिका-ऑस्ट्रेलियात नेला. म्हणूनच सॅन होजे किंवा ह्यूस्टनच्या मराठी घरांना ओळखीचा असलेला फो सहसा सायगॉन वळणाचा असतो. तिथून थेट हनोईत उतरणाऱ्यांची हमखास तक्रार असते, ‘पाल्याचं ताट विसरले वाटतं.’ विसरलेले नसतात. पाल्याचं ताट ही तिथली रीतच नाही.

सायगॉनमध्ये मात्र ते ताट आपोआप येतं: मुगाचे लांब मोड, थाई तुळस, करवती कडांची लांब पानं (वास कोथिंबिरीचा, पण दुप्पट उग्र), लिंबू आणि मिरची. गडबड होते ती इथेच. कच्चे, गार मोड मूठभर टाकले की रस्सा एकदम निवतो, आणि त्यात अर्धकच्चे मांसाचे काप असतील तर ते शिजायचे राहतात. म्हणून आधी काप रश्श्यात बुडवून त्यांचा लाल रंग जाऊ द्या, मगच मोड घाला. किंवा मोड उकळत्या पाण्यातून काढून मागवा, बहुतेक दुकानं देतात. पानं देठावरून खुडून, दोन-तीनदा फाडून, थोडी थोडी टाका. सगळी एकदम टाकली तर नंतरचे घास काळपट, शिजलेल्या पाल्याचे लागतात. टेबलावरचा काळा गोड सॉस आणि लाल मिरचीचा सॉस चव न घेताच वाडग्यात पिळणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. रस्सा काळा होतो आणि कुठल्याही दुकानाचा फो सारखाच लागतो. दोन्ही सॉस छोट्या बशीत घ्या आणि मांस त्यात बुडवून खा.

हनोईत टेबलावर लसूण-मिरची मुरवलेला व्हिनेगर असतो. गोमांसाच्या फोला तो एक चमचा पुरतो. कोंबडीच्या फोला लिंबू. सोबत ‘क्वाय’ नावाच्या तळलेल्या मैद्याच्या कांड्या मागवा, पण एका वेळी एकच बुडवा. दोन मिनिटांत त्या रस्सा पिऊन लगदा होतात. नूडल्सही तशाच फुगतात, त्यामुळे फोटोंचं काय ते आधी उरका आणि दहा-पंधरा मिनिटांत वाडगा संपवा.

पाटीवर पुढचे शब्द दिसतात: ‘ताय’ म्हणजे कच्चे काप, जे गरम रश्श्याने शिजतात; ‘चिन’ म्हणजे आधीच पूर्ण शिजवलेलं मांस; ‘गान’ म्हणजे स्नायूबंध. लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी ‘चिन’ घ्या आणि कच्चे मोड टाळा. हनोईच्या बात दान रस्त्यावर ४९ क्रमांकाच्या जुन्या दुकानात निवड दोन-तीन प्रकारांचीच. रांग लावायची, पैसे आधी द्यायचे आणि वाडगा स्वतः उचलून न्यायचा. लो डुक रस्त्यावरचं १३ क्रमांकाचं दुकान १९७९ पासूनचं. तिथे मांस लसणावर परतून वर पातीचा ढीग घालतात, त्यामुळे वाडगा हनोईच्या मानाने बराच तेलकट. सायगॉनमध्ये पाश्चर रस्त्यावरच्या ‘फो होआ’त बसायला ऐसपैस जागा आणि मांसाचे प्रकार भरपूर.

गोमांस न खाणाऱ्यांसाठी सगळं गणितच बदलतं. ‘फो गा’ म्हणजे कोंबडीचा फो, आणि त्यात हनोई सरळ पुढे. तो १९३९ च्या सुमारास तिथेच रुजला, कारण आठवड्यातले दोन दिवस बाजारात गोमांस मिळत नसे. पण फक्त कोंबडीचा फो विकणारं दुकान शोधा. दोन्ही प्रकार विकणाऱ्या ठिकाणी वर कोंबडी आणि खाली गाईच्या हाडांचा रस्सा असं होऊ शकतं. विचारायचं ते रश्श्याबद्दल विचारा, मांसाबद्दल नव्हे. ‘मांस काढून द्या’ म्हटल्याने शाकाहारी फो होत नाही. रस्सा हाडांचाच राहतो आणि फिश सॉस असतोच. शाकाहाऱ्यांनी ‘चाय’ पाटीची बौद्ध शाकाहारी दुकानं गाठावीत. तिथे रस्सा मुळा, गाजर, मका आणि अळंब्यांचा असतो. चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, तिथे गर्दी असते आणि पदार्थही जास्त असतात. अशी दुकानं दोन्ही शहरांत आहेत, तेव्हा शाकाहाऱ्यांनी शहराच्या वादात पडू नये.

वेळेचं बघा. हनोईत फो म्हणजे सकाळचा नाश्ता. नावाजलेली काही दुकानं दहाच्या सुमारास आवरतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. दुपारी एकला गेलात तर शटर दिसेल. सायगॉनमध्ये बरीच दुकानं दिवसभर चालतात. हनोईत बुटकी प्लास्टिकची स्टुलं, गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना ती झेपत नाहीत. त्यांना घेऊन जाणार असाल, दुपारी-रात्री खाणार असाल, किंवा घरात प्रत्येकाची चव वेगळी असेल, तर सायगॉन. दोघे-तिघेच असाल, पहाटे उठायची तयारी असेल आणि रश्श्यातलं कसब बघायचं असेल, तर हनोई. दोन्ही जमत असतील तर हनोई आधी करा. सॉस आणि पाल्याची सवय लागल्यावर तो साधा रस्सा जिभेला पटत नाही.

पैशांचं ढोबळ माप असं: हनोईत वाडगा साधारण ५० ते ८० हजार डोंग, सायगॉनच्या प्रसिद्ध दुकानांत लाखाच्या आसपास, म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या आत-बाहेर. सायगॉनमध्ये टेबलावर आधीच मांडलेल्या गोष्टी, म्हणजे क्वाय, केळीच्या पानात गुंडाळलेला डुकराच्या मांसाचा रोल, ओला टिश्यू, यांचे पैसे सहसा वेगळे लागतात. नको असेल त्याला हात लावू नका. मोड आणि पाला मात्र फुकट, आणि संपला तर पुन्हा मागता येतो.